दामदुलचा याक वर गेला

दार्चेन गावात जाऊन 'दामदुल याकवाला कुठे राहतो?' असं विचारलं, की माणूस आधी हसायचा आणि मग रस्ता दाखवायचा. दामदुलला त्याचं काही वाटत नसे. "हसला ना तो? मग घर बरोबर दाखवलंय त्यानं," असं तो आलेल्या यात्रेकरूला सांगायचा आणि चहा पुढे करायचा.

अंगानं आडवा, पायानं तोकडा, आवाज मात्र दरीच्या या काठावरून त्या काठावर पोचेल असा. उन्हाळाभर यात्रेकरूंचं सामान याकांवर लादायचं आणि त्यांना कांग रिनपोछेला फेरी घालून आणायची, हा त्याचा धंदा. यात्रेकरू त्या पर्वताला कैलास म्हणत, दामदुलच्या सासरची माणसं तिसे म्हणत, आणि दामदुल नुसतं 'रिनपोछे' म्हणायचा. तेही घरातल्या आजोबांबद्दल बोलावं तसं. "आज रिनपोछेंनी डोक्यावरून पांघरूण घेतलंय. टोप्या घाला रे सगळ्यांनी."

त्याच्या लग्नाची गोष्ट त्या भागात सगळ्यांना पाठ होती. दामदुल बौद्ध. बौद्ध माणूस रिनपोछेंना उजव्या हाताला ठेवून चालतो. नोर्झिन बोन घराण्यातली. बोन लोक रिनपोछेंना डाव्या हाताला ठेवून, म्हणजे बरोबर उलटे, चालतात. तर एका अरुंद वळणावर हा इकडून आला, ती तिकडून आली, आणि दोघांनाही पर्वताच्या अंगानंच पुढे जायचं होतं. हा म्हणाला, तू बाहेरून जा. ती म्हणाली, तू जा बाहेरून, पोट आहे तुझं, वाऱ्यानं उडायचा नाहीस. भांडण संपेना म्हणून दोघं खाली बसली. बसलीच आहेत म्हणून तिनं चहा काढला, चहाबरोबर यानं सत्तू काढलं. शेवटी मागून आलेल्या मेंढपाळानं विचारलं, "नवराबायको आहात का? मग घरी जाऊन भांडा की. वाट सोडा."

पुढच्या वर्षी ती खरंच नवराबायको झाली. धर्म कुणीच बदलला नाही. घरात प्रार्थनाचक्र होतं, ते दामदुल येताजाता उजवीकडे फिरवायचा आणि नोर्झिन येताजाता डावीकडे. संध्याकाळपर्यंत चक्र होतं तिथंच आलेलं असायचं. परिक्रमेलाही दोघं पहाटे एकाच दारातून निघायची, दोन दिशांना तोंडं करून, आणि पर्वताच्या पलीकडच्या अंगाला कुठेतरी समोरासमोर यायची. तिथं ती त्याला चीज द्यायची, तो तिला पायाचे फोड दाखवायचा, आणि पुन्हा दोघं आपापल्या वाटेनं. "संसार टिकवायचा असेल तर दिवसातून एकदाच भेटावं, आणि तेही दमलेलं असताना," असं दामदुल नव्या नवरदेवांना सांगायचा.

आता कुशोबद्दल. कुशो म्हणजे साहेब. दामदुलच्या याकांपैकी सगळ्यात थोराड याकाचं हे नाव. कपाळावर पांढरा ठिपका, पोटाखाली जमिनीला टेकणारे केस, आणि चेहऱ्यावर कायम असा भाव, की कुणीतरी चुकीचा कागद त्याच्यापुढे सहीला आणलाय. बाकीचे याक हाकेला चालायचे. कुशोला आधी विनंती करावी लागे.

त्या उन्हाळ्यात दामदुलच्या टोळीत तीन जण होते. पालनपूरचे घेवरचंदभाई, जैन, कापडाचे व्यापारी. अंगावर तीन स्वेटर, आणि पाऊल टाकण्याआधी खाली मुंगी आहे का ते बघायचे. एवढ्या उंचीवर मुंगी कुठून येणार? पण ते बघायचे, आणि त्यामुळे सगळी टोळी गोगलगाईच्या चालीनं चालायची. दुसऱ्या कामाक्षी अम्मा, कुंभकोणमच्या, शंकराच्या परमभक्त. गुडघे दुखरे, जीभ तरतरीत. गळ्यात रुद्राक्ष आणि पिशवीत शंख. तिसरा रुडी. परदेशातून आलेला, दोरीसारखा उंच आणि सुकलेला. त्याच्याजवळ एक भलीमोठी सॅक होती. ती उचलताना दामदुलची कंबर करकरली.

"काय आहे रे हिच्यात?"

"लोकरीचे कपडे," रुडी म्हणाला.

"कुणाचे? सैन्याचे?"

रुडी दात काढून हसला आणि दुसरीकडे बघायला लागला. दामदुलनं ती सॅक कुशोवर लादली. सगळ्यांचं खाणंपिणंही कुशोवरच होतं, कारण कुशो कधी अडखळत नसे.

पहिला मुक्काम पर्वताच्या उत्तर अंगाला, दिरापुकच्या गुंफेखाली झाला. तिथून रिनपोछेंचा उत्तरेकडचा काळा कडा असा काही समोर उभा राहतो, की बोलणारा माणूस बोलता बोलता थांबतो. दामदुलसुद्धा थांबायचा. तेवढं एकच ठिकाण.

सकाळी निघायची तयारी झाली. याक लादले, ओझ्यांचे दोर आवळले. आभाळ स्वच्छ होतं, कड्यावर ऊन पडलं होतं. अम्मांनी कड्याकडे बघितलं, त्यांचे डोळे भरून आले, आणि त्यांनी पिशवीतून शंख काढला.

"अम्मा, जरा थांबा," दामदुल म्हणाला. "याकांना सवय नाही..."

पण अम्मा तोपर्यंत फुंकून मोकळ्या झाल्या होत्या.

त्या वयात, त्या हवेत, एवढा दम कुठून आला देव जाणे. शंख असा वाजला की गुंफेतून दोन भिक्षू बाहेर आले. बाकीचे याक जागच्या जागी उड्या मारून थांबले. कुशोनं मात्र शेपटीचा झाडू केला, मुंडी खाली घातली आणि उधळला. ओढा ओलांडला, दगडांचा पसारा ओलांडला आणि थेट वर, रिनपोछेंच्या दिशेनं.

"कुशो! अरे कुशो! साहेब!" दामदुल ओरडत ओढ्यापर्यंत गेला आणि तिथंच थबकला. रिनपोछेंवर कुणी पाय ठेवायचा नसतो; पुढं पाऊल घालायची त्याची छाती झाली नाही.

घेवरचंदभाई तंबूत कानटोपी शोधत होते. त्यांना काहीच दिसलं नव्हतं. ते बाहेर आले तेव्हा दामदुल कपाळाला हात लावून बसला होता.

"काय झालं, दामदुलभाई?"

"कुशो वर गेला," दामदुल म्हणाला.

घेवरचंदभाईंनी कानटोपी हातातच धरली. डोळे मिटले. हळू आवाजात नवकार मंत्र सुरू केला. मंत्र पुरा झाल्यावर दामदुलच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "फार सोसलं त्या बिचाऱ्यानं. भूमी मात्र पुण्याची लाभली. काय झालं होतं?"

"शंख."

"शंखानं?"

"अहो, मेला नाही तो! वर गेलाय वर!" दामदुलनं हात वर केला. "तो बघा!"

सगळ्यांनी बघितलं. दगडांच्या पसाऱ्याच्या वर, जिथून बर्फाची पहिली जीभ सुरू होते त्याच्या शेजारी, गवताचा एक हिरवा तुकडा होता. कुशो तिथं उभा राहून शांतपणे चरत होता. जणू ते कुरण त्याच्या नावावर होतं.

आणि त्याच वेळी रुडीच्या सॅकचा बंद तुटला.

कुशोनं अंग झाडलं, तशी सॅक एका बाजूला कलली आणि तिच्यातलं सामान बाहेर यायला लागलं. आधी एक लांबच लांब दोर सुटला आणि कुशोच्या मागे दुसऱ्या शेपटीसारखा लोंबू लागला. मग बर्फात मारायची कुऱ्हाड बाहेर आली आणि उन्हात चकाकली. मग बुटांना लावायचे लोखंडी दात, जोडीनं, कुशोच्या पोटाखाली खुळखुळ वाजत लटकले.

सगळ्यांनी हळूहळू माना वळवून रुडीकडे बघितलं.

"लोकरीचे कपडे," अम्मा म्हणाल्या.

रुडीचे कान लाल झाले. पण माणूस हुशार. त्यानं लगेच छाती पुढे काढली. "ते राहू द्या आता! मुका जीव वर अडकलाय. तुम्हाला जायचं नाही, मला कळतं. मी जातो. मी आणतो त्याला. मला सवय आहे." आणि तो बूट घालायला वळला, ते इतक्या घाईनं, की त्याच्या मनात काय आहे ते गुंफेतल्या मांजरालाही कळलं असतं.

कालचे ओले बूट अजून तंबूबाहेर उन्हात वाळत होते. अम्मा चार पावलं चालल्या आणि त्या बुटांवर बसल्या. बसल्या म्हणजे नीट, मांडी घालून, शाल सावरून.

"अम्मा, माझे बूट."

"गुडघे दुखतायत," अम्मा म्हणाल्या. "आता दुपारपर्यंत मला उठता येणार नाही."

रुडीनं परवानगीसाठी किती खेटे घातले होते, किती ठिकाणी नकार ऐकला होता, ते सगळं मग बाहेर आलं. आयुष्यात एवढे डोंगर चढलो, हा एकच राहिला, असं म्हणताना त्याचा आवाज अगदी लहान मुलासारखा झाला. "तुम्ही तर इथंच राहता," तो दामदुलला म्हणाला. "जन्मभर. एकदाही वाटलं नाही वर जावंसं?"

"वर जाऊन काय करायचं?" दामदुल म्हणाला. "तिथून रिनपोछे दिसत नाहीत."

"पण का नाही चढायचं? कारण सांगा मला!"

त्यानं हे विचारायला नको होतं. तिथं कारणांचा तुटवडा नव्हता.

"वर महादेव राहतात," अम्मा बुटांवरून म्हणाल्या. "पार्वती आहे, मुलं आहेत, बैल आहे, साप आहे. घर आहे ते. तू कुणाच्या घरी गेलास तर न विचारता माडीवर चढतोस का? त्यांनी आंघोळीचं पाणी काढलेलं असलं तर?"

"आमचे आदिनाथ भगवान इथूनच मोक्षाला गेले," घेवरचंदभाई म्हणाले. "आम्ही याला अष्टापद म्हणतो. आठ पायऱ्या. आणि त्या पायऱ्या मुद्दाम अशा प्रचंड केल्यात, की माणसाचा पाय पोचू नये. बांधणाऱ्यालाच नको होतं कुणी चढलेलं. एवढं स्पष्ट सांगितल्यावर तुम्ही म्हणता, मी दोर आणलाय!"

"आणि आमचे देमछोक देव वर नाचत असतात," दामदुलनं भर घातली. "मध्येच कुणी कडमडला तर ठेका चुकतो."

"पण याक गेला ना!" रुडी म्हणाला.

इथं सगळेच अडले. याक गेला होता खरा. मग प्रश्न निघाला, की तो नेमका गेलाय का? म्हणजे पर्वत सुरू कुठून होतो? कारण कुशो अजून पर्वताच्या बाहेरच उभा असेल, तर दामदुलनं जाऊन त्याला आणायला हरकत नव्हती.

दामदुल म्हणाला, बर्फ जिथं बारा महिने राहतं तिथून. त्या हिशेबानं कुशोचे पुढचे दोन पाय आत होते आणि मागचे दोन बाहेर. घेवरचंदभाई म्हणाले, पहिली पायरी लागते तिथून, आणि त्यांनी दूरवर एक खडक दाखवला. त्या हिशेबानं अख्खा कुशो आत होता. अम्मा म्हणाल्या, ज्या जागेवरून बघताना मान मागे टाकावी लागते तिथून. हे प्रत्येकानं करून बघितलं, आणि प्रत्येकाची मान वेगळ्या ठिकाणी मागे गेली, कारण उंची वेगवेगळी. रुडीच्या मानेप्रमाणे पर्वत फार लांब होता. दामदुलच्या मानेप्रमाणे तो आताच पर्वताला नाक लावून उभा होता.

रुडी हिरमुसून म्हणाला, "डोंगराची उंची समुद्रापासून मोजतात. म्हणजे डोंगर समुद्रापासूनच सुरू होतो. म्हणजे तुम्ही सगळे आधीच त्याच्यावर उभे आहात!"

घेवरचंदभाईंनी दचकून एक पाय उचलला. मग त्यांच्या लक्षात आलं की दुसरा टेकलेलाच आहे. ते तसेच, एका पायावर, विचारात पडले.

दरम्यान दुपार झाली. सगळ्यांच्या पोटात कावळे ओरडायला लागले, आणि खायचं सगळं कुशोच्या पाठीवर. घेवरचंदभाईंचे खाखरे, अम्मांचा चिंचेचा पुळियोदरै भात, दामदुलचं सत्तू. दामदुलनं हाका मारल्या, शिट्ट्या वाजवल्या, हात जोडले, "साहेब, या आता," असं अजिजीनं म्हणून झालं. कुशोनं एकदा मान वळवून खाली बघितलं आणि पुन्हा चरायला लागला.

तेवढ्यात पुढच्या डोल्मा खिंडीकडच्या वाटेनं नोर्झिन येताना दिसली. ती पहाटे दार्चेनहून आपल्या बाजूनं, म्हणजे उलटी, निघाली होती. नेहमीप्रमाणे नवरा वाटेत भेटेल, त्याला चीज देऊ, या विचारानं ती आली. बघते तर नवरा ओढ्याशी हात जोडून उभा, एक शेठ एका पायावर, एक म्हातारी बुटांवर, आणि एक लांबुडका माणूस मोजे घालून डोकं धरून बसलेला.

"काय झालं ग बाई यांना?" ती म्हणाली. "कुणी गेलं का?"

"कुशो वर गेला," चौघंही एकदम म्हणाले.

नोर्झिननं कमरेवर हात ठेवून वर बघितलं. मग ती हसायला लागली. इतकी हसली, की तिला खाली बसावं लागलं. "बांधला नव्हतास ना? सांग खरं. लादला आणि बांधला नाहीस."

"बांधणारच होतो. शंख..."

"शंखाला बोल लावू नकोस. अम्मा, तुम्ही वाजवा हो खुशाल." मग तिनं डोळे पुसले आणि विचार केला. "हे बघ. तो हाकेला यायचा नाही. घरी तो कशाला येतो, आठव."

दामदुलनं आठवलं. घरी रोज संध्याकाळी नोर्झिन याकांना मीठ घालायची. आणि रोज संध्याकाळी, मीठ घालता घालता, दामदुलनं दिवसभरात काय काय केलं नाही त्याचा पाढा वाचायची. त्यावर दामदुल ओरडायचा. त्यामुळे या दोघांचा भांडणाचा आवाज आला, की कुशो कुठेही असो, मीठ खायला धावत यायचा. लहानपणापासून त्याचा तसाच समज होता.

"म्हणजे आपण भांडायचं?" दामदुलनं विचारलं. "इथं? पाहुण्यांसमोर?"

"दुसरा काही उपाय आहे का?"

दोघं ओढ्याच्या काठाशी समोरासमोर उभी राहिली. नोर्झिननं घसा साफ केला. "दामदुल, तू आळशी आहेस."

"नाही, मी आळशी नाही," दामदुल म्हणाला.

"आहेस."

"बरं."

कुशो हलला नाही. "असं नाही हो," अम्मा वैतागून म्हणाल्या. "शाळेच्या गॅदरिंगमधल्यासारखं काय बोलताय? मनापासून भांडा! दामदुल, ती तुझी बायको आहे ना?"

पण मनापासून भांडण कसं मागून मिळणार? दोघंही लाजली. इतक्या वर्षांत कधी आपण भांडायला लाजलो नव्हतो, हे आठवून दामदुलला हसू फुटलं आणि सगळंच बिघडलं. तेव्हा रुडी, ज्याला यातलं अर्धं कळत होतं, सहज म्हणाला, "पण कुणीच चढलं नाही हे खरं नाही ना? मी ऐकलंय, पूर्वी एक साधू शिखरावर पोचला होता."

"आमचा," दामदुल म्हणाला.

"लबाडीनं," नोर्झिन म्हणाली.

"काय म्हणालीस?"

"लबाडीनं म्हणाले. शर्यत लागली होती दोघांची. जो पहाटे आधी पोचेल त्याचा पर्वत. आमचा सिद्ध बिचारा ढोलावर बसून अंधारात निघाला. घाम गाळत, मंत्र म्हणत. आणि तुमचे बाबा? झोपले होते! ऊन पडलं तेव्हा उठले, जांभई दिली, सूर्याच्या किरणावर बसले आणि आयते वर!"

"त्याला सिद्धी म्हणतात!"

"त्याला आळस म्हणतात! अगदी तुझ्यासारखा! मी सकाळपासून शेण गोळा करायचं, पाणी आणायचं, गोठा झाडायचा, आणि हे उठणार ऊन डोक्यावर आल्यावर आणि म्हणणार, चहा झाला का!"

"मी उठलो नव्हतो त्या दिवशी? वादळात उठून कुणी तंबू धरला होता?"

"एकदा धरलास! एकदा! त्या एका तंबूवर किती वर्षं जेवणार आहेस?"

"आणि तुमचा तो ढोल पडला वरून! अजून चरा आहे कड्याला! गडगडत खाली आला, सांग ना पाहुण्यांना!"

"ढोल पडला, माणूस नाही पडला! तू तर घरात सपाट जमिनीवर पडतोस, छांग प्यायल्यावर!"

आता ते खरं भांडण होतं. आवाज कड्यावर आपटून परत येत होते. दामदुलचा गळा फुगला होता, नोर्झिनचे हात हवेत उडत होते. घेवरचंदभाई मध्येच "शांती, शांती" म्हणाले, तर अम्मांनी त्यांना दटावलं, "गप्प बसा हो, तो बघतोय!"

खरंच, कुशोनं मान वर केली होती. त्यानं कान टवकारले. मग त्याच्या चेहऱ्यावरचा साहेबी भाव पहिल्यांदाच जरा ढळला आणि तो निघाला. दगडांतून उड्या घेत, पोटाखाली लोखंड खुळखुळवत, मागे दोर फरफटत तो आला, ओढ्यात धपकन उतरला आणि थेट नोर्झिनसमोर येऊन उभा राहिला. ती अजून बोलतच होती. बोलता बोलता हात आपोआप कमरेच्या थैलीत गेला, मीठ निघालं, आणि कुशो तिच्या तळहातावरचं मीठ चाटायला लागला.

"...आणि तुझी आईसुद्धा हेच म्हणायची!" असं म्हणून ती थांबली. तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं.

दामदुलनं कुशोच्या गळ्यात हात टाकले. मग काय करावं न सुचून नोर्झिनच्याही टाकले. तिनं त्याला ढकललं, पण हळूच.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण दामदुलचे खरे हाल इथून सुरू झाले. कारण तो सॅक पुन्हा कुशोवर लादायला गेला, आणि अम्मा बुटांवरून ताडकन उठल्या. गुडघेबिडघे काही नाही.

"खबरदार! ज्या पर्वतावर कुणी पाय ठेवला नाही तिथं हा जाऊन आला. महादेवांनी येऊ दिलं त्याला. अरे, नंदी आहे तो! त्याच्या पाठीवर चड्ड्या-बनियनं लादतोस?"

"बैल हे तर आमच्या आदिनाथांचंच चिन्ह," घेवरचंदभाई भारावून म्हणाले. "म्हणून तर त्यांना ऋषभदेव म्हणतात." आणि त्यांनी खाली मुंगी नाही हे बघून कुशोपुढे डोकं टेकवलं.

"आमच्यात पहिला याक आभाळातून या पर्वतावरच उतरला होता," नोर्झिन म्हणाली. "तिसे हा आभाळातून खाली यायचा जिना आहे. चढायचा नाहीच, उतरायचा. कुशो उतरला. बघ, किती शहाणा आहे."

दामदुलनं आशेनं रुडीकडे बघितलं. रुडी धर्म मानत नव्हता. पण रुडी कुशोच्या शिंगांना चिकटलेल्या बर्फाकडे बघत होता. त्यानं वाकून त्यातला कण बोटावर घेतला, तो विरघळेपर्यंत बघितला, आणि सॅक स्वतःच्या पाठीवर चढवली. तीही कण्हत.

बाकीचे याक आधीच लादलेले, म्हणून उरलेलं सगळं दामदुलच्या पाठीवर आलं. डोल्मा खिंडीची चढण, वर भांडीकुंडी, पुढे मोकळा चालणारा कुशो आणि त्याला खाखऱ्यांचा चुरा भरवणारे घेवरचंदभाई. रुडीचा तो दोरही कामाला आला. एक टोक त्यानं स्वतःच्या कमरेला बांधलं, दुसरं अम्मांच्या, आणि त्यांना खिंडीवर ओढून नेलं. वर पोचल्यावर अम्मांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "चढायचं होतं ना तुला? झालं चढून. आता बूट घे नीट बांधून." पुढे दार्चेनला निरोप घेताना रुडीनं बर्फाची कुऱ्हाड दामदुलला देऊन टाकली. नोर्झिन ती याकाचं गोठलेलं शेण फोडायला वापरते. तिच्या मते इतकी चांगली वस्तू दुसऱ्या कुठल्याही देशात होत नाही.

कुशोची बातमी पसरायला वेळ लागला नाही. गावच्या वडीलधाऱ्यांनी त्याच्या कानात लाल फीत ओवली. म्हणजे या जनावराला आता कुणी राबवायचं नाही, विकायचं नाही, कापायचं नाही. येणारे यात्रेकरू कुशो आपल्याबरोबर असावा म्हणून दामदुललाच शोधत यायचे, आणि कुशो बरोबर असला की त्याच्यापुढे इतर याकांवर ओझं लादणं त्यांना बरं वाटेना. म्हणून दामदुल वाहायचा. दोन उन्हाळ्यांत त्याचं पोट उतरलं. नोर्झिननं त्याचा चोगा दोनदा आत घेतला आणि म्हणाली, "बरं दिसायला लागलास रे. आधीच का नाही सोडलास याकाला वर?"

मुक्कामाला चहा झाला, की नवे यात्रेकरू कुशोभोवती बसतात आणि दामदुलला गोष्ट सांगायला लावतात. दामदुल थापा मारण्यात कधी मागे नव्हता. दरवर्षी गोष्ट फुगत गेली आहे. शंखाच्या जागी आता वीज कडाडते. कुशो ओढा एका उडीत पार करतो. रुडी एकटा नसतो, त्याच्याबरोबर तोफा असलेली माणसं असतात. नोर्झिन चहा ओतत ऐकते आणि मध्येमध्ये म्हणते, "तोफा कधी आल्या? मागच्या वेळेला तर फक्त बंदुका होत्या."

परवा असाच एक जण, अगदी रंगात येऊन, म्हणाला, "मग कुशो शिखरावर पोचला का?"

"छे!" दामदुल दचकून म्हणाला. "बर्फाच्या खालीच थांबला. तिथं गवत आहे ना थोडंसं, तिथं."

"एवढी उडी मारली, वीज पडली, तोफा चालल्या, आणि गवतापाशी थांबला? अहो, सांगायचंच आहे तर शिखरापर्यंत न्या की त्याला! गोष्टच तर आहे!"

दामदुलनं वर बघितलं, टोपी काढली, डोकं खाजवलं. मग मान हलवली.

"नको," तो म्हणाला. "तेवढं राहू दे. चहा घ्या, गार होतोय."